अनुग्रह नव्हे, भरपाई

पावसाळा आला की मुंबईत कोठे जुन्या चाळीचा सज्जा कोसळतो, कोठे भिंत खचते. मग ठरलेला क्रम सुरू होतो. मंत्री पाहणी करतात, चौकशीची घोषणा होते आणि मृतांच्या वारसांना सरकारी तिजोरीतून साहाय्य जाहीर होते. या रकमेचे दप्तरी नावच मुळी ‘सानुग्रह अनुदान’! ज्याच्या हलगर्जीपणाने माणूस दगावला तो नामानिराळा राहतो. सरकारने उपकार करावयाचा आणि वारसांनी हात जोडावयाचे, असा हा व्यवहार आहे.

वस्तुतः कायदा इतका दुबळा नाही. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे मृत्युमुखी पडली, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९६६ सालीच निर्वाळा दिला आहे. ज्या मनोऱ्याचे आयुष्य ४०-४५ वर्षांचे, तो सुमारे ८० वर्षे उभा होता आणि त्याची जाणकार अभियंत्यांकडून नीट तपासणी झाल्याचा पुरावा नव्हता. दोष वरून दिसत नव्हता, ही महापालिकेची सबब न्यायालयाने मानली नाही. रहदारीच्या रस्त्यालगतची इमारत सुस्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्यच होय, आणि असा मनोरा कोसळणे हीच हलगर्जीपणाची प्रथमदर्शनी साक्ष होय, असे न्यायालयाने ठरविले.

मग अडते कोठे? हक्क आहे, पण तो मिळविण्याची वाट बिकट आहे. पदपथावरच्या माणसाला बसने ठोकरले, तर त्याच्या वारसांना मोटार अपघात न्यायाधिकरणाचे दार उघडे असते. त्याच माणसाच्या डोक्यावर सज्जा पडला, तर मात्र १८५५ च्या प्राणघातक अपघात कायद्याचा आधार घेऊन दिवाणी न्यायालय गाठावे लागते; मागणीच्या प्रमाणात कोर्ट फी भरावी लागते आणि तारखा मोजाव्या लागतात. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत १९९७ साली ५९ जण बळी पडले. त्यांच्या आप्तांनी संघटितपणे लढा देऊनही भरपाईचा अंतिम निर्णय लागावयास २०११ साल उजाडले आणि उच्च न्यायालयाने ठरविलेली रक्कम तेव्हा घटली. संघटितांची ही गत, तर एकट्या विधवेने काय करावे?

जुन्या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही, असे घरमालक म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण त्या तोट्याची किंमत वाटसरूने प्राणांनी का मोजावी? घातक रसायने हाताळणाऱ्यांवर १९९१ च्या कायद्याने विम्याची सक्ती केली असून, तेथे हलगर्जीपणा सिद्ध न करताही पीडितांना तातडीचे साहाय्य मिळते. जी तजवीज रसायनांसाठी झाली, ती जीर्ण इमारतींसाठी अशक्य का असावी?

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे व उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू आल्यास वारसांना ६ लाख रुपये देण्याचा आणि ती रक्कम दोषींकडून वसूल करण्याचा आदेश दिला. दिशा हीच योग्य आहे. धोकादायक वास्तूंच्या बळींसाठीही अल्प शुल्काचे न्यायाधिकरण आणि सक्तीचा विमा, एवढे विधिमंडळाने केले पाहिजे. दुरुस्तीपेक्षा दुर्लक्ष महाग पडू लागेल, त्या दिवशी मोडक्या सज्ज्याला टेकू देण्याची घाई मालकालाच होईल.