न वाचतां छापलेलें संशोधन

आलेलें लिखाण जो वाचतो, त्यांतून निवडतो, प्रसंगीं नाकारतो आणि छापल्यावर त्याबद्दल जबाबदार राहतो तो संपादक, असा ह्या शब्दाचा साधा अर्थ आम्ही आजवर समजत आलों. हा अर्थ आतां रद्द झाला असल्यास तसें कोणीतरी उघडपणें सांगितलें पाहिजे. कारण मराठवाड्यांतील महाविद्यालयांतून ज्या 'संशोधनपत्रिका' हातोहात फिरत आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या मुखपृष्ठावर संपादकाचें नांव असतें, सल्लागार मंडळ असतें, 'आंतरराष्ट्रीय' हें विशेषणही असतें; नसते ती फक्त आंतला मजकूर छापण्यापूर्वीं कोणी वाचल्याची खूण.

असा एखादा अंक वाचकांनीं स्वतःच चाळून पाहावा. संतवाङ्मयावरील लेखाला लागून पीकविम्यावरील लेख, त्याच्या पाठोपाठ गोगलगाईंवरील, आणि शेवटीं कबड्डीपटूंच्या आहारावरील. इतक्या शास्त्रांचा निवाडा एकहातीं करणारा संपादक प्रत्यक्ष बृहस्पतीच असला पाहिजे! लेख धाडल्यापासून स्वीकृतीचें पत्र येईपर्यंत कित्येकदां चार दिवसही लागत नाहींत. वेळ लागतो तो पैसे पोंचावयास. परिसंवादाची वर्गणी भरली कीं भोजन, प्रमाणपत्र आणि 'विशेषांकां'तील पानें हीं तिन्ही एकदमच पदरांत पडतात. हरकत घेतली तर आयएसएसएन क्रमांक पुढें केला जातो. हा क्रमांक केवळ नियतकालिकाची ओळख पटविणारा आंकडा आहे. तो विनामूल्य मिळतो आणि गुणवत्तेविषयीं अवाक्षरही बोलत नाहीं. घराला क्रमांक मिळाला म्हणून घरांतलीं माणसें सज्जन ठरत नाहींत.

हें पीक आपोआप उगवलेलें नाहीं. २०१० सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें अध्यापकांच्या बढतीसाठीं गुणांची मोजणी सुरू केली आणि छापलेल्या निबंधांना भाव आला. २०१७ सालीं मान्य पत्रिकांची यादी निघाली. तींतील विद्यापीठांनीं सुचविलेल्या १,००९ पत्रिका पुण्याच्या डॉ. भूषण पटवर्धन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं तपासल्या. त्यांतील सुमारें ८८ टक्के हलक्या प्रतीच्या असाव्यात, असा त्यांचा निष्कर्ष २०१८ सालीं 'करंट सायन्स'मध्यें प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं मे महिन्यांत आयोगानें ४,३०५ पत्रिका यादींतून काढून टाकल्या. पुढें 'केअर' नांवाची नवी यादी झाली. तेव्हां मान्य पत्रिकांचीं नांवें चोरून बनावट संकेतस्थळें निघालीं. अखेर ही यादीही बंद केल्याचें आयोगानें फेब्रुवारी २०२५ मध्यें जाहीर केलें, आणि पारखण्याचा भार अध्यापक, विद्यार्थी व संस्था ह्यांच्यावर टाकला. म्हणजे आतां यादीकडे बोट दाखवून सुटतां येणार नाहीं.

ह्यावर नांदेड-लातूरकडील अध्यापक जें उत्तर देतात तें ऐकून घेणें न्यायाचें होईल. ते म्हणतात, 'आम्हांला आठवड्याचे तास भरावयाचे, परीक्षांचें व निवडणुकांचें काम करावयाचें, ग्रंथालय तोकडें, मराठींतील अभ्यास तपासून छापणाऱ्या पत्रिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि २०१८ च्या नियमांनीं तर महाविद्यालयांतील प्राध्यापकपदासाठीं दहा निबंधांची अट घातली. आम्हीं करावें तरी काय?' ही अडचण खरी आहे. जो संशोधक नाहीं त्याच्याकडून दंडुक्यानें संशोधन वसूल करणें हा नियम करणाऱ्यांचा अपराध होय. परंतु सक्तीनें असत्य सत्य होत नाहीं. आणि सक्तीचा बळी असलेल्या अध्यापकापेक्षां, त्या सक्तीवर दुकान मांडणारा संपादक निराळ्या मापानेंच मोजला पाहिजे.

दुसरें समर्थन असें कीं, परदेशांतील नामांकित पत्रिकाही पैसे घेतात. घेतात, आणि आमच्याहून कितीतरी अधिक घेतात. तेथेंही सर्व शुद्ध आहे असें नाहीं : हिंदावी ह्या प्रकाशनसंस्थेला २०२३ ह्या एका वर्षांत आठ हजारांहून अधिक निबंध मागें घ्यावे लागले. पण त्यांत मागें घेण्याची लाज तरी होती. आमच्याकडे छापलेला निबंध चुकीचा ठरून मागें घेतल्याचें कोणाच्या ऐकिवांत आहे काय? पैसे घेणें हेंच पाप नव्हे. पैसे कशाचे घेतले हा प्रश्न आहे. आरोपीला निर्दोष सोडलें तरच ज्या न्यायाधीशाला वेतन मिळतें, त्याच्या न्यायालयांत दोषी कोण ठरणार?

कोणी म्हणेल, हीं पानें कोणी वाचीतच नाहीं. मग बिघडलें काय? बिघडलें तें मराठवाड्याचेंच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीस धरणी हादरली आणि जी भूमि स्थिर समजली जात होती तिनें हजारों माणसें गिळलीं. पुढच्याच वर्षीं, १७ सप्टेंबर १९९४ रोजीं, नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ ह्यांच्या नांवाचें विद्यापीठ स्थापन झालें. २०१६ सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पिण्याचें पाणी आणावें लागलें. विंधनविहिरी किती खोल न्याव्या, कोणत्या जमिनींत ऊंस लावूं नये, घरें कशीं बांधावीं, हे येथें जगण्याचे प्रश्न आहेत. त्यांवर जो तरुण वर्षभर शिवारें हिंडून विहिरींचीं मापें घेतो आणि जो रात्रींत उतारे जुळवितो, त्या दोघांना निवडसमितीपुढें सारखेच गुण मिळाले, तर पुढच्या वर्षीं शिवारांत कोण जाईल?

नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य कै. नरहर कुरुंदकर ह्यांचें लिखाण महाराष्ट्रभर वाचलें गेलें, तितक्याच हिरीरीनें खोडलेंही गेलें. त्यांची थोरवी निबंधांची संख्या मोजून कोणी ठरविली नाहीं. जें वाचलें जातें, त्यालाच विरोध होतो. आणि विरोधांतून टिकतें तेंच ज्ञान.

म्हणून आमचें मागणें थोडकें आहे. संपादकांनीं परीक्षकांचे अभिप्राय जपून ठेवावे व मागितल्यास दाखवावे. शुल्क घ्यावयाचें तर तें स्वीकृतीशीं बांधूं नये. किती लेख नाकारले हें दरवर्षीं छापावें. चूक निघाल्यास ती त्याच पानांत कबूल करावी. ज्या विद्वानांचीं नांवें सल्लागार म्हणून झळकतात त्यांनीं एक तर काम करावें, नाहींतर नांव काढून घ्यावें. आणि निवडसमित्यांनीं दहा निबंध मोजण्याऐवजीं उमेदवाराचा एक निबंध वाचून त्यावर त्याला प्रश्न विचारावे. ह्यास नवा कायदा लागत नाहीं, नवी यादीही लागत नाहीं. बैठकीपूर्वीं एक संध्याकाळ पुरते. ती संध्याकाळ द्यावयास ज्यांना सवड नाहीं, त्यांनीं दुसऱ्याच्या विद्वत्तेचा निवाडा करावयास बसूं नये.