रेणापूरपर्यंत आलेली विक्रांत

आमच्या रेणापुरात विक्रांत आलेली आहे. पिंपळ फाट्यावर चहाच्या टपरीसमोर ती बऱ्याचदा उभी दिसते. माझा एक जुना विद्यार्थी ती चालवतो. बजाज कंपनीनं २०१६ साली 'व्ही' नावाची मोटारसायकल काढली होती आणि तिच्या पेट्रोलच्या टाकीत आयएनएस विक्रांतचं वितळवलेलं लोखंड वापरल्याची मोठी जाहिरात केली होती. त्या पोरानं जुनी गाडी घेतली तेव्हा टाकीवर थाप मारून मला म्हणाला, "सर, इसमें जंगी जहाज है." तो हसला, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही.

मी उर्दू माध्यमाच्या पोरांना उर्दू आणि मराठी शिकवतो. ४ डिसेंबरला नौदल दिन असतो, त्या दिवशी परिपाठात कुणीतरी बोलायचं असतं आणि ते बहुधा माझ्यावर येतं. गेल्या खेपेला मी १९७१ ची गोष्ट सांगितली. विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता. जहाज पुऱ्या वेगानं धावू शकत नव्हतं. तरी त्याला बंगालच्या उपसागरात पाठवायचं ठरलं. पाकिस्तानची गाझी पाणबुडी त्याच्याच शोधात आली होती. गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली आणि विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. पोरं जागच्या जागी खिळून ऐकत होती. रेणा धरणाच्या पलीकडे ज्यांनी पाणी बघितलेलं नाही अशी ही पोरं. मी म्हटलं, जहाजाची लांबी होती २१३ मीटर. मग आम्ही दोरी घेऊन शाळेपुढच्या रस्त्यावर तेवढं अंतर मोजलं. दोरी कमी पडली, चार वेळा सरकवावी लागली. शेवटच्या टोकाला उभ्या असलेल्या पाचवीतल्या पोरीनं तिथूनच ओरडून विचारलं, "सर, अब कां है वो? अपन को देखने मिलेगा क्या?"

एका मुलानं परस्पर उत्तर दिलं की नवीन विक्रांत आहे ना, कोचीला बनलेली. त्याचं बरोबर होतं. २०२२ च्या सप्टेंबरात ती नौदलात आली. पण पोरीनं विचारलं होतं ते ७१ च्या जहाजाबद्दल. मला सांगावं लागलं, "बेटा, बेच दिया."

कुणी विकलं? सांगतो, पण त्याआधी विशाखापट्टणमचं सांगायला हवं, कारण हा राग मी तिथून घेऊन आलो.

दोन वर्षांमागे उन्हाळ्याच्या सुटीत हैदराबादला बहिणीकडे गेलो होतो. लातूरकडच्या माणसाला हैदराबाद म्हणजे दुसरं घरच. तिथून मुलांच्या हट्टापायी विशाखापट्टणमला गेलो. रामकृष्ण बीचवर, वाळूत, आयएनएस कुरसुरा ही पाणबुडी ठेवलेली आहे. १९६९ साली सोव्हिएत रशियाकडून घेतलेली, ७१ च्या युद्धात गस्त घातलेली, २००१ मध्ये निवृत्त झालेली. पुढच्याच वर्षी, २००२ च्या ऑगस्टात, ती लोकांसाठी उघडली. दीड वर्षात! ९१ मीटर लांबीचं ते धूड समुद्रातून ओढून किनाऱ्यावर आणलं, पायावर बसवलं, दोन्ही टोकांना जिने लावले. तिचं काम तिथलं नगर विकास प्राधिकरण बघतं. तिकीट काढा आणि आत जा.

आत गेल्यावर माणूस गप्प होतो. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल भोक, त्यातून पाय आधी की डोकं आधी हेच कळत नाही. माझ्या पोटाला ते भोक आवडलं नाही. टॉर्पेडोच्या शेजारीच झोपायच्या फळ्या. पंच्याहत्तरच्या आसपास माणसं या नळकांड्यात आठवडेच्या आठवडे राहायची. नौदलातून निवृत्त झालेला एक गाईड सांगत होता की गोडं पाणी मोजून मिळायचं, आंघोळ विसरायची. माझी बायको लगेच म्हणाली, "आपल्या लातूरसारखंच." २०१६ चा उन्हाळा आम्ही विसरलेलो नाही, मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. गाईडला ते कळलं नाही. त्यानं विचारलं, कुठले तुम्ही? मी म्हटलं, महाराष्ट्र. तो म्हणाला, "अच्छा, विक्रांत तो आप ही के पास थी ना?"

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. पण 'थी' हा शब्द मला लागला.

खरंच, विक्रांत आपल्याकडेच होती. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली आणि मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली. लोकांना ती मुख्यतः नौदल सप्ताहाच्या आसपास बघायला मिळायची. मी बी.एड. करत असताना वर्गातले दोघे जाऊन बघून आले होते. मी गेलो नाही, जाण्यायेण्याचं भाडं वाचवलं. वाटलं, जहाज कुठं पळून जातंय. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणानं ती बंद झाली. राज्य सरकारनं सांगितलं की हे आमच्या खिशाबाहेरचं आहे. लिलाव झाला, साधारण ६० कोटींना भंगारवाल्यानं घेतली. लोक कोर्टात गेले. जानेवारी २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली, ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयातही वाट बंद झाली आणि नोव्हेंबरात दारूखान्यात तिच्यावर गॅस कटर चालले.

इथं कुणी म्हणेल, जुनं लोखंड पाण्यात सडतं, त्याला काय करणार? हे खरं आहे. पाण्यावर तरंगतं जहाज सांभाळणं हा पांढरा हत्ती आहे. न्यायालयाला मी दोष देत नाही, त्यांच्यापुढं प्रश्न आला तेव्हा सांगाडा खिळखिळा झालेला होता. पण १९९७ ते २०१२ ही पंधरा वर्षं होती ना? आंध्रानं दीड वर्षात पाणबुडी पाण्याबाहेर काढली. आपण पंधरा वर्षं बैठका घेतल्या. जमत नाही म्हणणं वेगळं आणि सडेपर्यंत थांबून मग सडलं म्हणणं वेगळं.

आणि एकदा झालं असतं तर चूक म्हणून सोडलं असतं. विराटचंही तेच केलं. तीस वर्षं आपल्या नौदलात चाकरी करून ती मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात तिचं संग्रहालय करायला ८५२ कोटींचा प्रस्ताव मंजूर केला. पेपरात मोठे मथळे आले. सप्टेंबर २०२० मध्ये तीच विराट गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात लागली, ३८ कोटी ५४ लाखांना. विक्रांतचा सौदा झाला तेव्हा राज्यात एक आघाडी होती, विराटचं स्वप्न दाखवलं तेव्हा दुसरी युती होती, ती अलंगला गेली तेव्हा तिसरंच जुळलेलं होतं. त्यामुळं कुण्या एका पक्षाच्या माणसानं या लेखावर खूश होऊ नये.

आपल्या भागाचंही सांगून टाकतो. विक्रांत निवृत्त झाली तेव्हा राज्याचे उपमुख्यमंत्री गोपीनाथराव मुंडे होते, आमच्या रेणापूर मतदारसंघाचे आमदार. पुढं विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले, लातूरचेच. दोघांच्याही दारात आमची माणसं जायची. रस्ता मागितला, पाणी मागितलं, कारखाना मागितला, बदली रद्द करून मागितली. जहाज कुणी मागितलं नाही. मुंबईतलं जहाज आपलंही आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही, त्यात मीही आलो, भाडं वाचवणारा.

आता जे बोलतो ते थोडं कडू आहे. उर्दू शाळेच्या मास्तरला वर्षातून दोनदा तरी देशप्रेमाची परीक्षा द्यावी लागते. १५ ऑगस्टला आमची पोरं किती जोरात गातात, याकडे काही लोकांचे कान लागलेले असतात. गाणं व्हिडिओत नीट आलं पाहिजे. मी म्हणतो, घ्या परीक्षा. पण पुस्तक तरी द्या! या पोरांना मी सांगतो की शिवाजी महाराजांच्या आरमारात दौलतखान सरदार होता. सांगतो की फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत 'तलवार'वरच्या खलाशांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं तेव्हा त्यांच्या संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान होते आणि उपाध्यक्ष मदन सिंग. पोरं ऐकतात, पण हात लावायला काही नाही. जे हात लावण्याजोगं होतं ते वजनावर विकलं, आणि देशप्रेम किती आहे हे आम्हाला विचारायचं. ज्यांनी घोषणा दिल्या त्यांनी साठ कोटी मोजून घेतले.

अरबी समुद्रात महाराजांच्या स्मारकाचं जलपूजन डिसेंबर २०१६ मध्ये झालं, खर्चाचा आकडा ३६०० कोटींच्या आसपास सांगितला गेला. स्मारक व्हावं, माझी ना नाही. पण ज्यांनी आरमार बांधलं त्यांना, दोन विमानवाहू जहाजं भंगारात घालणारं राज्य काय दाखवणार आहे?

आता निवृत्त झालेलं आयएनएस गुलदार त्याच निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं चाललं आहे. होवो. प्रवाळ वाढेल, पर्यटक येतील, कोकणातल्या पोरांना काम मिळेल, हे सगळं चांगलंच. पण ते बघायला पाठीवर हवेची टाकी बांधून किंवा पाणबुडीचं तिकीट काढून खाली जावं लागणार. माझ्या पाचवीच्या वर्गाकडे एसटीच्या अर्ध्या तिकिटाचे पैसे जमवतानाच मारामार होते.

तूर्त मी एवढंच केलं. त्या जुन्या विद्यार्थ्याला गाडी घेऊन शाळेत बोलावलं. पोरांनी रांगेनं टाकीला हात लावला. ज्या पोरीनं प्रश्न विचारला होता तिनं हात लावला आणि लगेच मागं घेतला, म्हणाली, "गरम है, सर." गाडी उन्हातून आली होती.

यंदाच्या सहलीसाठी अर्ज टाकला आहे. ठिकाणाच्या रकान्यात विशाखापट्टणम लिहिलं. अर्ज बघणाऱ्या साहेबांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "जहाजच दाखवायचं तर सर, मुंबई जवळ नाही का पडणार?"