अंगावरील चट्टा : पाप नव्हे, रोग

आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, अंगावर एखादा चट्टा उठला कीं आपल्या घरांत दोनच गोष्टी घडतात. दुखत नाहीं म्हणून तो विसरला जातो, नाहींतर पूर्वजन्मींचें पाप म्हणून सदऱ्याखालीं झांकला जातो. दोन्ही वाटा एकाच खड्ड्यांत नेतात, म्हणून आज हें स्पष्ट लिहिणें भाग आहे.

प्रत्येक चट्टा महारोगाचा, म्हणजे कुष्ठरोगाचा, नसतो. गोल, कडेनें लाल व सारखा खाजणारा तो बहुधा नायटा. घामाच्या दिवसांत छातीपाठीवर येणारे, बारीक कोंडा सुटणारे फिकट ठिपके ते शिबे. ह्या दोहोंचें कारण बुरशी. दुकानदार देईल तें स्टेरॉइडचें मलम चोळूं नका. त्यानें नायटा दबल्यासारखा दिसतो, पण पसरत राहतो. दुधासारखा पांढरा डाग तो कोड. कोड कोणाच्या स्पर्शानें लागत नाहीं व महारोगाशीं त्याचा संबंध नाहीं.

पण जो फिकट वा तांबूस चट्टा खाजत नाहीं, दुखत नाहीं, जेथें घाम येत नाहीं व लव झडते, त्यापासून सावध असा. डोळे मिटून घ्या व दुसऱ्याकडून कापसाचें टोंक त्यावर हलकेंच लावून घ्या. स्पर्श कळला नाहीं तर त्याच आठवड्यांत सरकारी दवाखाना गांठा. स्पर्श कळला तरी चट्टा हटत नसेल, कानाच्या पाळ्या जाड झाल्या असतील, भुवया विरळ होत असतील किंवा हातापायांस मुंग्या येत असतील, तरीही दाखवा.

न दुखणें हेंच ह्या रोगाचें कपट आहे. शिरा बधीर झाल्या म्हणजे चुलीवर बोट भाजलेलें माउलीस कळत नाहीं. पायांतली वहाण निसटलेली नांगऱ्यास कळत नाहीं. सुताराच्या करंगळीचें बळ जातें, मग हत्यार हातांत ठरत नाहीं. ज्याचें पोट हातावर, त्याचा हातच गेला तर मागें काय उरलें ?

हा रोग जंतूचा आहे. नॉर्वे देशाच्या हॅन्सन नांवाच्या डॉक्टरानें तो जंतू १८७३ सालीं शोधला. उपचार न घेतलेल्या रोग्याच्या दीर्घ सहवासानें तो पसरतो, आणि बहुतेकांचें शरीर त्यास दाद देत नाहीं. शिरकाव झाल्यावर चट्टा दिसण्यास सरासरी पांच वर्षें, कधीं वीसही लागतात. एवढा काळ लोटल्यामुळें खरें कारण ध्यानांत येत नाहीं आणि भिक्षुकाच्या 'पापा'चें फावतें ! जंतू जात पाहत नाहीं, कुंडलीही पाहत नाहीं. आम्ही विचारतों, ज्यानें अनुष्ठानाचे रुपये घेतले, तो तुमचें झडलेलें बोट परत देईल काय ?

औषध मात्र आहे. अनेक औषधें एकत्र देण्याचा उपचार जागतिक आरोग्य संघटनेनें १९८१ सालीं सांगितला. आज तो प्राथमिक आरोग्य केंद्रांत फुकट मिळतो. रोग थोडा असल्यास सहा महिने, अधिक असल्यास बारा महिने. औषध सुरू झाल्यावर लवकरच रोग्यापासून दुसऱ्यास लागण होत नाहीं. लघवी तांबडी झाली, कातडी काळवंडली तरी घाबरून गोळ्या सोडूं नका. चट्टे एकाएकीं सुजले, कोपराची शीर ठणकूं लागली किंवा हातांतील जोर कमी झाला, तर त्याच दिवशीं जा. त्या वेळची दिरंगाई हात कायमचा नेते. तसेंच तापाबरोबर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके उठले तर क्षणभरही थांबूं नका. वाढणारा किंवा रक्त येणारा काळा तीळही डॉक्टरास दाखवा.

रोग्यांस कोंडणारा १८९८ चा कायदा २०१६ सालीं रद्द झाला. ह्या रोगावरून घटस्फोट देणारें कलमही २०१९ सालीं गेलें. कायद्यानें टाकलेलें जोखड आपण घरांत कां वाहावें ? चट्टा उठलेल्या सुनेस माहेरीं धाडूं नका, दवाखान्यांत न्या. १८९७ च्या प्लेगांत सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करतां करतां गेल्या. त्यांचें नांव घेणाऱ्यांनीं आपल्याच माणसास दूर लोटावें, हें शोभत नाहीं. आज रात्रीं दिव्याच्या उजेडांत घरांतील प्रत्येकाची पाठ एकदां पहा. स्वतःची पाठ स्वतःस दिसत नाहीं.