सडपातळ माणसाची वाढलेली साखर

कंपनीच्या वार्षिक तपासणीतून किंवा सोसायटीतल्या शिबिरातून हल्ली असा एखादा अहवाल हमखास निघतो. वय पंचेचाळीस, उंची पाच फूट सात इंच, वजन ६२ किलो. रोज सकाळी फिरणे, घरचे जेवण, सिगारेट-दारू नाही. आणि एचबीए१सी ६.१, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हा माणूस दवाखान्यात जातो तेव्हा त्याच्या हाती छापील पत्रक पडते: वजन कमी करा, चाला, गोड बंद करा. शेवटच्या दोन गोष्टी तो आधीपासूनच करत असतो. उरते पहिली. मग तो भात सोडतो, पोळ्या निम्म्या करतो, रात्री नुसते सूप पितो. सहा महिन्यांनी वजन ५६ किलो, गाल बसलेले, भेटेल तो 'आजारी होतास का?' असे विचारतो. एचबीए१सी मात्र ६.०. एवढा फरक तर एकाच माणसाच्या दोन तपासण्यांतही पडू शकतो.

ते पत्रक वजन जास्त असलेल्या माणसासाठी लिहिलेले असते. सडपातळ माणसाला तेच देणे म्हणजे एकाची चिठ्ठी दुसऱ्याला देण्यासारखे आहे.

या कोड्याचा उलगडा बराचसा पुण्यात झाला. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मोजमापे छायाचित्रासह प्रसिद्ध केली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवत होता, शरीरे मात्र दोन तऱ्हांची होती. १९९३पासून पुण्याजवळच्या गावांत गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या बाळांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात या वेगळेपणाची सुरुवात जन्माआधीच होते असे दिसले. तिथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचे ३.५. पण वजनातली ही तूट मुख्यतः स्नायूंची आणि अवयवांची. चरबी त्या मानाने टिकून होती.

जेवणानंतर रक्तात आलेली साखर साठवण्याचे मोठे काम स्नायू करतात. कोठारच लहान असेल तर धान्य अंगणात पडून राहते, तशी साखर रक्तात रेंगाळते. त्यात यकृतात आणि आतड्यांभोवती चरबी असेल तर इन्सुलिनचा प्रभावही कमी होतो. शिवाय भारतीयांत स्वादुपिंडाची इन्सुलिन बनवण्याची क्षमता तुलनेने लवकर थकते. म्हणून 'मी काय चुकलो?' हा सडपातळ रुग्णाचा प्रश्न बहुतेक वेळा निरर्थक असतो. बरेचसे घडून गेलेले असते ते आईच्या पोटात आणि वंशात.

मात्र उपायाच्या आधी आकडा खरा आहे का हे पाहावे. लोहाच्या कमतरतेने होणाऱ्या रक्तक्षयात एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकते, आणि आपल्याकडच्या कितीतरी स्त्रियांना रक्तक्षय असतो. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा दोष असेल तर ही तपासणी भरवशाची राहत नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे विसरून चालणार नाही. अशा वेळी उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर मोजावी. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ असेल तर ती मधुमेहपूर्व अवस्था. एक गोष्ट प्रयोगशाळेत सहसा कुणी सांगत नाही: आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खाल्लेली असावी. महिनाभर धान्य सोडलेल्या माणसाचे शरीर एकदम आलेली साखर नीट हाताळत नाही आणि अहवाल खोटाच वाईट येतो.

दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारायला हवे. वजन आपोआप घटत असेल, तहान-लघवी वाढली असेल, तर हळूहळू येणारा टाइप-१ मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा आजार तपासावा लागतो. काही कुटुंबांत उपाशीपोटीची साखर पिढ्यान् पिढ्या थोडी वरच असते. तो एका जनुकाचा प्रकार असतो आणि त्याला सहसा औषध लागत नाही.

हे सगळे वगळले की मग करायचे काय? चरबी घटवण्यापेक्षा स्नायू वाढवायचे. नुसते चालणे चांगले, पण त्याने स्नायू फारसे वाढत नाहीत. आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर, बैठका, खुर्चीवरून हात न टेकता उठणे, पाण्याने भरलेले डबे उचलणे, जिना चढणे. जिमची फी भरलीच पाहिजे असे नाही. आणि जेवणानंतर लगेच दहा-पंधरा मिनिटे चालावे. साखर वर चढू पाहते त्याच वेळी स्नायू कामाला लागतात.

'आम्ही सात्त्विकच खातो' म्हणणाऱ्यांच्या ताटाकडे जरा नीट पाहावे. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या, भाजी आणि पातळ वरण, चारला चहा-बिस्किटे, रात्री खिचडी. तेल-तूप बेताचे, पण प्रथिने अगदीच तोकडी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम प्रथिने हवीत. एका अंड्यात सहा ग्रॅम असतात. घट्ट वरण, मोड आलेल्या कडधान्यांची उसळ, दही, पनीर, मासे, अंडी यांतले काही तरी प्रत्येक जेवणात हवे, आणि ते भाताच्या आधी पोटात गेले तर आणखी चांगले. (मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.) गूळ, मध, खजूर आणि फळांचा रस यांना आरोग्याचे प्रमाणपत्र कुणी दिले कोण जाणे, रक्तात गेल्यावर साखरेहून त्यांचे वागणे फारसे निराळे नसते. उपासाची साबुदाणा खिचडी तर जवळजवळ निव्वळ पिष्टच.

वजन न घटवता काही साधते का, याला चेन्नईच्या अभ्यासाने उत्तर दिले आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ग्लुकोजनंतरची साखर वाढलेले ५३१ जण होते. तीन वर्षांत नेहमीच्या गटातल्या ५५ टक्क्यांना मधुमेह झाला. आहार-व्यायाम बदललेल्या गटात ३९.३ टक्क्यांना, आणि तेही वजन विशेष न घटता. मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत प्रमाण ४०.५ टक्के होते, आणि दोन्ही एकत्र करून जास्तीचा फायदा झाला नाही. म्हणजे हा उपाय लागू पडतो, पण सगळ्यांना नाही. विशेषतः फक्त उपाशीपोटीची साखर वाढलेली असेल तर परिणाम कमी दिसतो. सर्व काही नीट करूनही आकडा हलला नाही तर तो रुग्णाचा आळस समजू नये, आणि त्याने आणखी उपाशी तर मुळीच राहू नये. मेटफॉर्मिनने भूक आणि वजन थोडे उतरते. आधीच बारीक असलेल्याने ते शेजाऱ्याचे पाहून सुरू करू नये. दंडाला सेन्सर लावून आंबा खाल्ल्यावर रेघ किती वर गेली हे पाहत बसण्याची नवी हौसही अशांना चिंतेखेरीज फार काही देत नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीनुसार देशात मधुमेहपूर्व अवस्थेतले १३.६ कोटी लोक आहेत. त्यांतले बारीक लोक सापडतात ते बहुधा योगायोगाने. शेतमजूर बाई किंवा बांधकामावरचा कामगार सरकारी दवाखान्यात आला की 'याला कसली साखर' म्हणून पुढे पाठवला जातो. तिशीनंतर प्रत्येकाची साखर तपासण्याचा सरकारी कार्यक्रम आहे. तो अंगकाठी न पाहता राबवायला हवा. कमरेला फीत लावायला मिनिटही लागत नाही: पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेली तर काटा काहीही म्हणो. आई-वडिलांना मधुमेह असेल किंवा गरोदरपणी साखर वाढलेली असेल, तर फीत कमी भरली तरी रक्त तपासावेच. आणि उंबरठ्यावर सापडलेल्या सडपातळ माणसाला वर्षातून एकदा पुन्हा बोलवावे, वेगळे पत्रक छापून.