शेवटची नोंद आधी तपासा

परभणी जिल्ह्यात कापडाचा किरकोळ धंदा करणारे आम्ही बरेच जण दुकानाच्या गल्ल्यावर कमी आणि आठवडी बाजारावर जास्त जगतो. आज जिंतूर, उद्या मानवत, परवा गंगाखेड. गाडी वाटेत बंद पडली की त्या दिवसाचा बाजार गेला आणि गेलेला बाजार परत येत नाही. गाडीच्या दुरुस्तीचा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे कोणी विचारील तर त्याला आमचे हेच उत्तर आहे.

दोन वर्षांपूर्वी ऐन लग्नसराईत आमच्या जुन्या डिझेल पिकअपचा फिल्टर बदलायचा झाला होता. जवळचा एक रबरी पाइपही तडकला होता. मिस्त्रीकडे रांग होती आणि दुसऱ्या दिवशी गंगाखेडचा बाजार होता. पाना आमच्याकडे होता, फिल्टर बाजारात मिळत होता. आम्ही अंगणातच काम उरकले आणि मजुरी वाचली म्हणून खूश झालो.

सकाळी गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली. पोखर्णीच्या पुढे गेल्यावर मात्र तिने आचके दिले आणि ती बंद पडली. ड्रायव्हरने हातपंप मारला, गाडी सुरू झाली, दोन-तीन किलोमीटर चालली आणि पुन्हा बंद. गोदावरीचा पूल ओलांडून आम्ही बाजारात पोहोचलो तेव्हा बायाबापड्या पिशव्या भरून परत निघाल्या होत्या. साड्यांचे गठ्ठे न सोडताच परत आणावे लागले.

संतापाच्या भरात आम्ही चार माणसांसमोर ड्रायव्हरला म्हणालो, "डिझेल काढून विकलेस आणि त्यात रॉकेल ओतलेस." तो एवढेच म्हणाला, "चाचा, काल गाडीला हात तुम्ही लावला होता." ते आम्हाला उर्मटपणाचे वाटले. आम्ही त्याचा आठवड्याचा पगार अडवला. पंपावर जाऊन तिथल्या पोरालाही भेसळीवरून बोललो.

तीन दिवसांनी मिस्त्रीने दोष दाखवला. फिल्टरच्या जोडावरची तांब्याची वायसरे आम्ही जुनीच परत बसवली होती. तांब्याचे वायसर एकदा आवळले की दबते आणि कडक होते, दुसऱ्यांदा ते नीट बसत नाही. दोन नव्या वायसरांची किंमत एका चहाइतकीही नव्हती.

आम्ही म्हणालो, "पण डिझेल तर कुठे गळत नव्हते." मिस्त्री हसला. टाकीपासून पंपापर्यंतच्या पाइपात डिझेल ढकलले जात नाही, ओढले जाते. म्हणून तिथे फट असली तर डिझेल बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते. बाहेरून जोड कोरडा दिसतो आणि आत बुडबुडे जमतात. इंजिन थोडा वेळ चालते, हवा साठली की उपाशी पडते. हातपंप मारला की ती हवा पुढे ढकलली जाते आणि गाडी पुन्हा थोडी चालते. यालाच मिस्त्री लोक 'गाडीने एअर धरली' म्हणतात.

तेव्हा आम्हाला आमची उर्दू शाळा आठवली. गणित चुकले की मास्टरसाहेब पाटी पुसू देत नसत, शेवटच्या ओळीपासून उलटे तपासायला लावीत. दुकानात आम्ही तेच करतो. संध्याकाळी रोजमेळ जुळला नाही तर नोकरावर चोरीचा आळ घेण्याआधी शेवटच्या नोंदी पाहतो. गाडीच्या बाबतीत मात्र ही अक्कल आम्ही गहाण ठेवली. काल चालणारी गाडी आज दुरुस्तीनंतर बंद पडत असेल, तर पहिला संशय त्या दुरुस्तीवरच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्यापारी बंधूंच्या उपयोगासाठी तपासणीचा क्रम सांगतो. प्रथम काल जे जे उघडले तेच पाहावे. वायसर नवे आहे काय? फिल्टरची जुनी रबरी रिंग वरच चिकटून राहून नवी तिच्यावर बसली नाही ना? पाइप डिझेलचाच आहे काय? पाण्याचा पाइप डिझेलने फुगतो, नरम पडतो आणि ओढ बसताच आत दबतो. क्लिप इतकी आवळली नाही ना की तिने पाइपच कापला? मग एअर काढावी. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा, बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले की पंप मारत असतानाच स्क्रू आवळावा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांवर मारू नये, नाहीतर बॅटरी आणि सेल्फ दोन्ही जातील.

एवढ्यानेही भागले नाही तर पंपाआधी थोडा पारदर्शक पाइप तात्पुरता जोडून बुडबुडे दिसतात का ते पाहावे. टाकीचे झाकण सैल केल्यावर गाडी नीट चालली तर टाकीला हवा घेण्याची वाट बंद आहे, असे समजावे. फिल्टरच्या तळाशी पाणी साठले असेल तर ते काढावे. स्वच्छ कॅनमधून सरळ डिझेल देऊन इंजिन चालले तर दोष टाकीकडच्या बाजूला आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार वस्तू एकदम बदलल्या तर पैसे जातात आणि दोष कळत नाही.

मात्र हा क्रम जुन्या गाड्यांचा आहे. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. कॉमन रेलच्या डिझेल गाड्यांत नळीतला दाब हजार बारच्याही वर जातो. मोटारीच्या चाकातली हवा दोन-अडीच बारची असते, यावरून अंदाज घ्यावा. अशी नळी चालू इंजिनावर सैल केली तर डिझेलची धार कातडीत शिरते आणि हातावर शस्त्रक्रियेची पाळी येते. तिथे पाना खाली ठेवून जाणत्या मिस्त्रीकडेच जावे. त्यात कमीपणा नाही.

स्वतः दुरुस्ती करू नये, असे आम्ही म्हणत नाही. छोट्या व्यापाऱ्याने चार कामे शिकलीच पाहिजेत. पण हात आपला लागला असेल तर दोषही आधी आपल्याच हातात शोधावा.

ड्रायव्हरचा अडवलेला पगार आम्ही दिला. पण आळ चार माणसांसमोर घेतला होता, म्हणून माफीही त्याच चार माणसांसमोर मागितली. पंपावरच्या त्या पोराकडेही गेलो, तोवर तो काम सोडून गेला होता. ती एक बाकी आमच्या खात्यावर अजून तशीच आहे. बुडालेला बाजार पुढच्या हंगामात भरून निघाला. ही बाकी कशी फेडावी, ते आम्हाला अद्याप उमगलेले नाही.