ठिपक्यांचा नकाशा

मे 1941मध्ये ॲम्स्टरडॅम महापालिकेच्या सांख्यिकी कार्यालयानं शहराचा एक नकाशा तयार केला. रस्ते, कालवे, वस्त्या, सगळं रेखीव. त्यावर काळे ठिपके. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. काही भागांत ठिपके तुरळक, तर जुन्या ज्यू वस्तीत नुसतं काळंच काळं. हुकूम जर्मनांचा होता. ठिपके डच कारकुनांनी काढले. ते करताना त्यांनी कुणावर हात उगारला नाही, कुणाला शिवी दिली नाही. सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे केलं.

सहावी ते आठवीच्या मुलांना वंशसंहाराविषयी शिकवायचं असेल, तर सुरुवात या नकाशापासून करावी असं माझं मत आहे.

नेहमीची पद्धत वेगळी असते. प्रोजेक्टर लावायचा, हाडांचे सापळे झालेल्या कैद्यांचे फोटो दाखवायचे, साठ लाख हा आकडा सांगायचा आणि शेवटी ‘आपण सर्वांशी प्रेमाने वागू या’ असं वहीत लिहून घ्यायचं. वर्ग गप्प होतो. धडा पोचला, असं बाईंना वाटतं. खरं तर पोरं घाबरलेली असतात, आणि घाबरलेलं मूल विचार करत नाही, सुटीच्या घंटेची वाट पाहतं. वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट संग्रहालय शिक्षकांना हा विषय सहावीपासून पुढे घ्यायला सांगतं, तेही भयंकर चित्रांचा मारा टाळून. ‘अर्धा वर्ग ज्यू, अर्धा वर्ग सैनिक’ असले खेळ घेऊ नयेत, असंही तिथं बजावलेलं आहे. अशा खेळात मुलांना छळाची कल्पना येत नाही, मजा मात्र येते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर एप्रिल 1968मध्ये आयोवातल्या जेन एलियट या शिक्षिकेनं निळ्या आणि तपकिरी डोळ्यांवरून तिसरीचा वर्ग दोन दिवस विभागला. तो प्रयोग गाजला, त्यावर चित्रपट निघाले. पण दुसऱ्याच्या लेकरांवर असा प्रयोग करायची हिंमत मला होणार नाही, आणि ज्यांना सहज होईल त्यांच्या हाती मी वर्ग देणार नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. कडक मास्तरांना ‘हिटलर’ म्हणायची पद्धत जुनी, आणि त्यात थोडं कौतुकही असतं. ‘माइन काम्फ’ स्टेशनवरच्या बुकस्टॉलवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं दिसतं. दुसरीकडे वि. ग. कानिटकरांचं ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ वाचून आपल्या दोन पिढ्यांना हा इतिहास कळला. मोठं काम आहे ते. पण बऱ्याच शिक्षकांच्या डोक्यात त्यातला नेमका भस्मासुर तेवढा राहिला. राक्षस म्हटलं की प्रश्न मिटतो, कारण आपण काही राक्षस नाही. भस्मासुराला कारकून लागत नव्हते, हिटलरला लागले. टपालखातं, रेल्वेचं वेळापत्रक, महापालिकेचे दप्तर, सगळं लागलं. जानेवारी 1942मध्ये वान्झे इथं ज्यूंच्या संहाराच्या अंमलबजावणीवर चर्चा करायला जे पंधरा जण बसले, त्यांतले आठ डॉक्टरेट मिळवलेले होते.

आता आपल्या मूल्यशिक्षणाकडे पाहा. महाराष्ट्रातल्या शाळांत भिंतीवर दहा मूल्यं रंगवलेली असतात. राष्ट्रभक्ती, सर्वधर्मसहिष्णुता, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता वगैरे. त्याच यादीत वक्तशीरपणा आहे आणि नीटनेटकेपणाही. परिपाठाला ही मूल्यं म्हटली जातात. शाळेत रोजच्या रोज गुण मिळतात ते बहुधा शेवटच्या दोहोंना, कारण ती तपासायला सोपी. ॲम्स्टरडॅमच्या कारकुनांना या दोहोंत पैकीच्या पैकी द्यावे लागतील. नकाशा सुबक आहे, कुठे खाडाखोड नाही. सातवीतल्या मुलीला हे दाखवा आणि विचारा, ‘हा माणूस चांगला विद्यार्थी असेल का गं?’ बहुतेक ती हो म्हणेल. मग पुढचा तास आपोआप उभा राहतो.

त्या तासाला ॲन फ्रँक आणावी. तिची डायरी मराठीत आहे आणि शाळांच्या ग्रंथालयात सापडते. पण आपण ती नेहमी पोटमाळ्यापासून, म्हणजे जुलै 1942पासून शिकवतो. वर्षभर मागे जा. 1941च्या उन्हाळ्यात हुकूम निघाला की ज्यू मुलांनी फक्त ज्यू शाळेत जायचं. ॲन तेव्हा बारा वर्षांची, म्हणजे आपली सहावी-सातवीच. तिला मॉन्टेसरी शाळा सोडून ज्यू लायसियममध्ये जावं लागलं. निरोपाच्या वेळी मुख्याध्यापिकाबाई आणि आपण दोघी रडलो, असं तिनं लिहून ठेवलंय. चांगुलपणाचा धडा शिकवायचा तर तो इथं आहे. बाई मायाळू होत्या, यात शंका नाही. आणि नाव शाळेतून कमी झालंच. बाईंना आणखी काय करता आलं असतं? हा प्रश्न मुलांना विचारून शिक्षकानं खुर्चीत बसावं आणि जरा वेळ तोंड बंद ठेवावं. (आम्हा शिक्षकी पेशातल्या मंडळींना हे फार जड जातं.)

उत्तरं सोपी नाहीत, हे मुलांना कळू द्यावं. ऑक्टोबर 1940मध्ये हॉलंडमधल्या सरकारी नोकरांना, त्यांत शिक्षकही आले, आपण ज्यू आहोत की नाही याचा अर्ज भरायला लावला. जवळजवळ सगळ्यांनी भरला. महिन्याभरात ज्यू शिक्षक, प्राध्यापक कामावरून दूर झाले. फेब्रुवारी 1941मध्ये चारशेहून जास्त ज्यू तरुणांना पकडून नेल्यावर मात्र ॲम्स्टरडॅमच्या ट्रामवाल्यांनी आणि गोदी कामगारांनी संप केला, शहर बंद पाडलं. तो दोन दिवसांत बंदुकांनी मोडला. म्हणजे नाही म्हणणारे होतेच, फक्त अर्जाच्या वेळी ते फार थोडे होते. हॉलंडमधल्या सुमारे 1,40,000 ज्यूंपैकी 1,02,000च्या आसपास मारले गेले. पश्चिम युरोपात इतकं मोठं प्रमाण दुसऱ्या कुठल्या देशात नाही, आणि त्यामागच्या कारणांत तिथल्या चोख नोंदवह्यांचं नाव इतिहासकार घेतात.

त्या नोंदवह्यांचं पुढं काय झालं, ही गोष्ट मुलं कान टवकारून ऐकतील. 27 मार्च 1943च्या रात्री काही जण पोलिसांच्या वेशात ॲम्स्टरडॅमच्या लोकसंख्या नोंदणी कार्यालयात शिरले. म्होरक्या होता विलेम अरोंदेउस, पेशानं चित्रकार आणि लेखक. पहारेकऱ्यांना कुणी मारलं नाही. टोळीतल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्यांना झोपेचं इंजेक्शन दिलं आणि शेजारच्या प्राणिसंग्रहालयाच्या आवारात नेऊन ठेवलं. मग कपाटं उघडून नोंदपत्रं जमिनीवर पसरली आणि आग लावली. अग्निशामक दल मुद्दाम रेंगाळत आलं आणि आल्यावर गरजेपेक्षा भरपूर पाणी मारलं, म्हणजे उरलेले कागद भिजून जावेत. तरी जेमतेम पंधरा टक्के नोंदी नष्ट झाल्या. घट्ट बांधलेली रद्दी पटकन पेटत नाही, हे पोरांनाही ठाऊक असतं. काही दिवसांत बहुतेक जण पकडले गेले, आणि 1 जुलैला अरोंदेउससह बारा जणांना गोळ्या घातल्या. समलिंगी माणसं भित्री नसतात हे लोकांना सांगा, असा निरोप त्यानं मरण्यापूर्वी आपल्या वकिलाकरवी धाडला.

आता वर्गात वाद लावा. या लोकांनी खोटे गणवेश घातले, खोटं बोलले, सरकारी मालमत्ता जाळली. भिंतीवरच्या दहांतलं कोणतं मूल्य यांनी पाळलं? आठवीतली मुलं यावर तासभर भांडतील, आणि तेही परिपाठातल्या सुविचारापेक्षा जास्त मन लावून.

युरोपातला एकच प्रसंग घेऊन थांबायचं नसेल तर रवांडा आहे. तिथं बेल्जियन राजवटीनं 1930च्या दशकात ओळखपत्रावर हुतू की तुत्सी हे छापलं, आणि स्वातंत्र्यानंतरही ते तसंच राहिलं. वर्गातही शिक्षक हुतूंना उभं करत, तुत्सींना उभं करत, आणि डोकी मोजत. कित्येक मुलांना आपण कोण हे पहिल्यांदा असं वर्गात उभं राहिल्यावर कळलं. 1994मध्ये तीन महिन्यांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली, तेव्हा नाक्यानाक्यावर तीच ओळखपत्रं तपासली जात होती. त्यानंतर तीन वर्षांनी, मार्च 1997मध्ये, न्यांगे गावच्या माध्यमिक शाळेत हत्यारबंद टोळी घुसली आणि मुलांना म्हणाली, हुतू एकीकडे, तुत्सी एकीकडे व्हा. मुलं हलली नाहीत. आम्ही सगळे रवांडाचे, एवढंच म्हणाली. टोळीनं गोळीबार केला, सहा मुलं ठार झाली.

हे सगळं झाल्यावर कुणीतरी विचारतंच, आपल्याकडचं काय? विचारावंच. साताऱ्याच्या शाळेत भीमराव आंबेडकर नावाचा मुलगा कोपऱ्यात वेगळ्या गोणपाटावर बसे आणि ते गोणपाट रोज घरी नेऊन परत आणी, कारण शाळेचा नोकर त्याला हात लावत नसे. बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. अस्पृश्यता आणि ज्यूंचा संहार एकच, असं म्हणू नये. दुःखांची तुलना करायला लागलं की दोन्हींचा अभ्यास बुडतो. पण वर्गातली बसायची जागा कोण ठरवतं, हे विचारायला तुलनेची गरज नाही.

आणि हे शिकवण्याआधी शिक्षकांनी स्वतःची एक सवय तपासावी. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की अजूनही काही वर्गांत हाक ऐकू येते, ‘एससीवाले उभे राहा, ओबीसीवाले हात वर करा.’ हेतू वाईट नसतो, मुलांना पैसे मिळावेत असाच असतो, आणि नोंद वेळेत वरच्या कार्यालयात जायची असते. पण ती माहिती प्रवेशाच्या दिवसापासून शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असते. पालकांना निरोप पाठवून अर्ज मधल्या सुटीत कार्यालयात भरून घेता येतो. त्यासाठी शासन निर्णयही लागत नाही, मुख्याध्यापकांनी स्टाफरूममध्ये एकदा सांगितलं तरी पुरे.