कोंबडा बदला, पण थेट खुराड्यात नको

परसातला कोंबडा बदलायला हवा, हे आपल्या बहुतेक वाचकांना पटलेले आहे. एकच नर वर्षानुवर्षे राहिला, की तो आपल्याच लेकींशी जोडी लावतो. मग उबवणीच्या अंड्यांतून पिल्ले कमी निघतात आणि निघालेली मरतुकडी राहतात. म्हणून दीड-दोन वर्षांनी बाहेरचे रक्त आणणे गरजेचेच. चूक होते ती आणण्याच्या पद्धतीत. आठवडी बाजारात तुरेबाज कोंबडा हेरायचा, पाय बांधून घरी न्यायचा आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडायचा, ही सर्रास चालणारी रीत थांबली पाहिजे.

नवा कोंबडा आला, की सगळ्यांचे लक्ष झुंजीकडे. मानेची पिसे फुलवून दोघे समोरासमोर ठाकतात, चोच तुऱ्यावर बसते, रक्त येते. पण एक मागे सरला, की भांडण बहुधा मिटते. हरलेल्याला पळायला जागा, आडोसा आणि दाणापाण्याचे वेगळे भांडे असले, तर सहसा जीव जात नाही. कळप बसतो तो रोगाने. बाजारात गावोगावचे पक्षी एकाच डालग्यात दाटलेले असतात. त्यातला धडधाकट दिसणारा नरही मानमोडी घेऊन येऊ शकतो. लस न दिलेल्या कळपात ती शिरली, तर काही दिवसांत खुराडे रिकामे होते.

म्हणून नवा पक्षी किमान 3 आठवडे, जमल्यास महिनाभर, कळपापासून दूर ठेवा. त्याचे दाणापाणी सगळ्यांत शेवटी करा आणि हातपाय धुवा. रोज विष्ठा पाहा, रात्री श्वासाची घरघर ऐका. पंखांखाली उवा आणि पायांवर उचललेले खवले तपासा. जंतनाशक आणि लस याच काळात द्या. मग आठवडाभर जाळीआड, एकमेकांना दिसेल असा ठेवा आणि त्यानंतर अंधार पडल्यावर कळपाशेजारी दांडीवर बसवा. 8 ते 10 माद्यांमागे 1 नर पुरे. नर जास्त झाले, की माद्यांच्या पाठी सोलवटतात. जुना नर काढल्यावरही त्याचे बीज माद्यांच्या पोटात 2-3 आठवडे टिकते. नव्याचीच पिल्ले हवी असतील, तर महिनाभराने अंडी बसवा.

याहून चांगला मार्ग म्हणजे बाजारच टाळणे. मानमोडीच्या लसीची कुपी 100 किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाच-दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. पशुसखींनी दोन वस्त्यांसाठी एकच दिवस ठरवून सगळ्या पक्ष्यांना लस द्यावी आणि 3 आठवड्यांनी त्या वस्त्यांनी आपसात नरांची अदलाबदल करावी. रक्त बदलेल, पक्षी ओळखीच्या दारातून येईल, त्याच्या लसीची तारीखही ठाऊक असेल. वेगळे ठेवण्याचा नेम मात्र तेव्हाही मोडू नये. पशुसखी आणि पशुधन पर्यवेक्षक वाचकांना आमची विनंती आहे, की गावच्या पुढच्या लसीकरणाच्या दिवशीच ही अदलाबदल ठरवून टाका.